निळं फडकं

धाकटीने बाटली सिंकवर धरून उघडली, तरी बिअर छतापर्यंत गेली.

आधी झाकण उडालं. ते कुठे गेलं ते कळलंच नाही. नंतर ते भिजवलेल्या पिठाच्या परातीत सापडलं. मग फेस आला आणि येतच राहिला. तिने अंगठा दाबला, तर अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी यायला लागला. अर्ध्या लिटरच्या बाटलीतून हाताशी उरली ती वाटीभर. शेगडीवर पातेल्यात मटण आणि चार मोठे कांदे तांबूस होऊन बसले होते, आणि त्यांना निदान दोन बाटल्या तरी लागणार होत्या.

"केवढा हा उकाडा," ती स्वतःशीच म्हणाली आणि छत पुसायला स्टूल घेतलं.

उरलेली वाटीभर ओतण्याआधी तिने बोट बुडवून चाखली. किंचित गोड. या घरच्या बिअरला शेवटी जो कडसरपणा असतो, ज्याच्यामुळे कांद्याचा गोडवा ताळ्यावर राहतो, तो यात मागे पडला होता. एरवी ती थबकली असती. पण आज तिच्याकडे नव्या काळजीला जागाच नव्हती. डोक्यातली सगळी जागा जुन्या काळजीने अडवली होती, आणि त्यातून आज दोन्ही मजल्यांचं जेवण एका टेबलावर होतं.

अकरा वर्षांनी. वरच्या मजल्यावर थोरला भाऊ, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. खालच्या मजल्यावर धाकटा, म्हणजे तिचा नवरा, वीज कंपनीत मीटर तपासणारा. आई गेल्यापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. घराच्या वाटण्या झाल्या, गच्चीच्या झाल्या, पाण्याच्या टाकीच्यासुद्धा झाल्या. वाटले गेले नाहीत ते फक्त जिन्याखालच्या खोलीतले तीन जीव: बिअरचं पिंप, आंबवलेल्या कोबीची बरणी आणि पावाचं विरजण. खरं तर विरजणाएवढं वाटायला सोपं काही नसतं, अर्धं काढून दुसऱ्या भांड्यात घातलं की झालं. पण ते सोपं काम अकरा वर्षांत कोणी केलं नाही, आणि का केलं नाही हेही कोणी कोणाला विचारलं नाही.

थोरली जाऊ परात न्यायला खाली आली. त्या दोघींचं बोलणं कधीच थांबलं नव्हतं. नवऱ्यांच्या भांडणात बायकांनीही गप्प बसायचं तर घर चालायचं कसं.

"फोन आला का गं तिचा?" थोरलीने आवाज खाली घेतला.

"नाही. साडेदहाला निघालीय. दीडपर्यंत पोचेल म्हणाली होती."

"आणि हे?" थोरलीने हनुवटीने बाहेरच्या खोलीकडे खूण केली. तिथे धाकटा वर्तमानपत्र वाचत होता, म्हणजे एकच पान अर्धा तास धरून होता.

"यांना वाटतंय मुंगी ड्यूटीवर आहे. वहिनी, मला धाप लागल्यासारखं होतंय. पंचवीस वर्षांत मी यांच्याशी इतकं मोठं खोटं बोलले नव्हते."

मुंगी म्हणजे धाकटीची मुलगी. लहानपणापासून कायम काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून मुंगी. आता एका दवाखान्यात एक्स-रे काढायची, आणि आज ड्यूटीवर नव्हती. ज्या मुलाशी तिला लग्न करायचं होतं त्याच्या आईवडलांना भेटायला ती स्वतःची गाडी घेऊन एकटी गेली होती. बापाचा मुलावर आक्षेप नव्हता. त्याने मुलाला पाहिलंच नव्हतं. आक्षेप एवढाच, की मुंगीने ही गोष्ट आधी वरच्या मजल्यावर काकाला सांगितली. "सगळं ठरल्यावर मला कळवता, ठरवताना मला विचारलंय कुणी?" असं म्हणून त्याने चार महिने तो विषय घरात येऊ दिला नव्हता.

"जेवण झालं की आपल्या नणंदबाई सांगणार आहेत त्यांना," थोरली म्हणाली. "पोट भरलेला माणूस कमी चिडतो."

"हे पोट भरल्यावर झोपतात, वहिनी. चिडायचं असेल तर उठून चिडतात."

दोघी हसल्या, आणि तेवढ्यात जिन्याखाली काहीतरी फुटलं.

*

थोरला तेव्हा जिन्यावर होता. इस्त्रीचा शर्ट, नुकतीच केलेली दाढी, हातात काही नाही. भावाच्या घरी जेवायला जाताना हातात काय न्यायचं हे त्याला सकाळपासून सुचलं नव्हतं, आणि उरलेल्या पाच पायऱ्या उतरायला त्याला बराच वेळ लागत होता. आवाज नेमका त्याच्या पायांखालून आला. पायरी हादरली. मागोमाग काचा भिंतीवर आपटल्या आणि दाराच्या फटीतून आंबूस वास वर आला.

त्याला पहिल्या क्षणी कळलं की बाटली फुटली. दुसऱ्या क्षणी कळलं की आत आणखी सहासष्ट आहेत.

धाकटा बाहेर आला होता. त्याने दाराच्या कडीला हात घातला.

"ताई," थोरला जिन्यावरून ओरडला, "त्याला सांग, दार उघडू नको."

मुंगीची आत्या, दोघांच्या मधली बहीण, जिला थोरलाही ताईच म्हणायचा, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून तीस वर्षं काढून ती गेल्या महिन्यात इथे राहायला आली होती. आजच्या जेवणाचा घाटही तिनेच घातला होता.

"ऐकलं ना त्याने," ती म्हणाली. "कानाने धड आहे तो."

"ताई, त्याला विचार," धाकटा कडीवरून हात न काढता म्हणाला, "दार न उघडता काय फुटलं ते कसं कळणार?"

"काय फुटलं ते कळलंय. का फुटलं ते कळायला पाहिजे. दार उघडलंस की वारा लागेल, एकीला धक्का लागेल, आणि सगळ्या तुझ्या तोंडावर येतील." मग लक्षात येऊन थोरल्याने जोडलं, "असं सांग त्याला."

"दादा," धाकटी पुढे आली. तिच्या केसांत अजून फेस होता. "मी आत्ता एक उघडली, ती छताला लागली. आणि गोड होती."

थोरल्याने कठडा धरला. गोड. बाटल्या भरून दहा दिवस झाले होते. बिअर बाटलीत भरण्याआधी पिंपात साखरेचं पाणी घालायचं, ते बेतशीर असेल तर बाटलीत हवा तेवढाच फेस धरतो. जास्त झालं तर यीस्ट साखर खात बसतं आणि आतला वायू वाढत जातो. काच रबरासारखी फुगू शकत नाही, एवढाच काय तो प्रश्न. साखर त्याने स्वतः घातली होती. वडलांची पद्धत: पितळी वाटीने दीड वाटी आणि वर एक मूठ. चाळीस वर्षांत एक बाटली फुटली नव्हती.

"ताई, त्याला सांग, मी मापाने घातली होती. दीड वाटी आणि मूठ."

धाकट्याचा हात कडीवरून खाली आला. तो आत्याकडे बघायचं विसरला.

"साखर तर मी घातली," तो म्हणाला. "काट्यावर तोलून. अडीचशे ग्रॅम."

*

आता ही निळ्या फडक्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

न बोलता एका पिंपात बिअर करायची म्हणजे काहीतरी खूण लागते. थोरला सकाळी खाली यायचा, धाकटा संध्याकाळी कामावरून आल्यावर. ज्याने साखर घातली त्याने पिंपाच्या नळाला निळं फडकं बांधायचं. हे कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप पडून गेलं होतं. थोरल्याच्या रंगाच्या सामानातलं ते जुनं फडकं होतं, वर पिवळे डाग. फडकं दिसलं की दुसऱ्याने हात लावायचा नाही. मग दुसऱ्या दिवशी दोघी जावा मिळून बाटल्या भरायच्या. अकरा वर्षं या फडक्याने दोन माणसांपेक्षा चोख काम केलं होतं.

भावांच्या तोंडी फडकं आल्यावर जिन्याखालच्या दाराकडे बघताना आत्याला एकदम आठवलं. गेल्या आठवड्यातला बुधवार. दुपारी ती कोबीची बरणी बघायला आत गेली होती. नळाला एक मळकट चिंधी लटकत होती. खाण्यापिण्याच्या वस्तूला असली चिंधी! तीस वर्षं दीडशे मुलींच्या खोल्या तपासलेल्या बाईचा हात तिथे थांबणं शक्य नव्हतं. तिने ते सोडलं, साबणाने खसाखसा धुतलं आणि गच्चीच्या दोरीवर वाळत घातलं.

तिला कोणी विचारलं नव्हतं. गप्प बसली असती तर खपून गेलं असतं. दोघा भावांना एका टेबलावर बसवण्यासाठी तिने महिनाभर दोन्ही मजल्यांवर चढउतार केली होती. आणि जेवायला बसण्याआधीच सगळं मुसळ केरात गेलं ते आपल्यामुळे, हे तिला सहन होईना. तिने पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला.

"बुधवारी तू आलास तेव्हा नळाला फडकं नव्हतं?" थोरला विचारत होता. आता मधे कोणी नव्हतं, पण हे अजून दोघांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"नव्हतं. म्हणून तर घातली."

"मी सकाळी बांधून गेलो होतो."

"मग मी काय आंधळा आहे?"

"गुरुवारी सकाळी मी पाहिलं तेव्हा फडकं होतं."

"होतंच. मी बांधलं. गच्चीवर दोरीवर वाळत होतं, तेच आणून बांधलं."

"वाळत कशाला असेल ते?"

"मला काय माहीत? मला वाटलं, तुम्हीच धुतलं असेल."

"मी धुतलं," आत्या म्हणाली. "मी. त्याला काही अर्थ आहे हे मला कोणी सांगितलं नाही, पण धुतलं मी."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिने एवढ्या वर्षांत शेकडो मुलींना खरं बोलायला लावलं होतं; खरं बोलल्यावर इतकं उघडं पडल्यासारखं वाटतं हे तिला आज कळलं.

"तुझी चूक नाही, ताई," थोरला हळू म्हणाला. "फडकं स्वच्छ होतं. गुरुवारी मी पाहिलं ना, ते स्वच्छ होतं. पिवळे डागसुद्धा फिके झालेले. मला वाटलं, हे असं कसं? आणि वाटून मी वर निघून गेलो. चार पावलं चालून याचं दार वाजवलं असतं तर..."

तो मधेच थांबला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला, आणि थोरलीला, जिला तो चेहरा चाळीस वर्षं पाठ होता, बोलण्याआधीच कळलं.

"अहो," ती म्हणाली. "ते खोकं."

थोरला शेवटच्या पाच पायऱ्या एका दमात उतरला आणि भावासमोर उभा राहिला. इतक्या जवळ ते शेवटचे स्मशानात उभे होते.

"मुंगीकडे बारा बाटल्या आहेत," तो म्हणाला.

*

धाकट्याला ते वाक्य लगेच कळलं नाही. सवयीने त्याने बहिणीकडे बघितलं, की ती परत सांगेल.

"मुंगी ड्यूटीवर आहे."

"नाही."

त्याने बायकोकडे बघितलं. ती फरशीकडे बघत होती. वहिनी फरशीकडे बघत होती. म्हणजे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, तो सोडून. पण रागाला आत्ता वेळ देणं परवडणारं नव्हतं.

"कुठे आहे?"

"त्यांच्याकडे गेलीय," धाकटी म्हणाली. "त्या मुलाच्या घरी. गाडीने. साडेदहाला."

"आणि बाटल्या?"

"मी दिल्या," थोरला म्हणाला. "मुलीने पहिल्यांदा त्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. घरचं काहीतरी."

"गाडीत कुठे ठेवल्यात?"

थोरल्याने दाराबाहेरच्या उन्हाकडे बघितलं.

"दादा, कुठे ठेवल्यात?"

"शेजारच्या सीटवर. हलू नयेत म्हणून पट्टा लावला."

बाहेर ऊन असं होतं की समोरच्या भिंतीकडे बघवत नव्हतं. धाकट्याने ती गाडी डोळ्यांसमोर आणली: पुढची काच, सीटवर उन्हाचा चौकोन, त्या चौकोनात खोकं, आणि खोक्यापासून वीतभर अंतरावर गिअरवरचा मुंगीचा डावा हात. तिचा चेहरा. वीतभरच.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"उचलणार नाही," धाकटी म्हणाली. "चालवताना ती फोन मागच्या सीटवर पिशवीत टाकते. आवाज बंद करून."

"कोणी शिकवलं तिला हे?"

त्यानेच शिकवलं होतं. गाडी शिकवताना तीन महिने रोज बजावलं होतं, आणि मुलीने आयुष्यात बापाचं एवढं एकच तंतोतंत ऐकलं होतं.

नऊ वेळा लावून झाला. एक वाजून पाच मिनिटं. जिन्याखाली आणखी एक बाटली फुटली आणि पाचही जण एकदम दचकले. धाकटी खाली बसली. तिच्या शेजारी थोरली बसली आणि तिने तिचा हात धरला. "काही होणार नाही," असं ती एकदाही म्हणाली नाही.

"त्या घरचा नंबर आहे कुणाकडे?" आत्याने विचारलं.

थोरल्याने खिशातून फोन काढला आणि भावापुढे धरला. नंबर काढूनच ठेवला होता, फक्त बटण दाबायचं बाकी होतं. "तू बोल," तो म्हणाला. "तू बाप आहेस. मी बोलणं बरं दिसणार नाही."

धाकट्याने चार महिने ज्या माणसाचं नावही घरात घेऊ दिलं नव्हतं, त्याच्या घरचा फोन दुसऱ्याच घंटीला उचलला गेला.

"नमस्कार. मी... मुलीचा बाप बोलतोय."

"अहो, नमस्कार," पलीकडून भारदस्त, जरा दम्याचा आवाज आला. "चार महिने आम्ही तुमच्या फोनची वाट बघतोय. ती अजून पोचली नाही, पण येईलच. पानं मांडलीच आहेत."

"ऐका. तिच्या गाडीत बाटल्या आहेत. घरी केलेल्या. त्या फुटतायत. आमच्या इथे दोन फुटल्या. ती आली की आधी तिला गाडीतून बाहेर काढा. खोक्याला कोणी हात लावू नका, तुम्हीही नाही. लांब उभे राहा. आधी तिला बाहेर काढा."

पलीकडच्या माणसाने कसल्या बाटल्या, का फुटतायत, काही विचारलं नाही.

"माझा मुलगा आत्ताच मोटरसायकल काढतो. एकच रस्ता आहे, समोरून जाईल. गाडी दिसली की थांबवेल. तुम्ही फोन मोकळा ठेवा."

त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. मटण पातेल्यात तळाला लागायला आलं होतं. धाकटीने उठून त्यात पाणी ओतलं. कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. आत्या दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती, जणू मुंगी इकडूनच येणार होती. दोघे भाऊ टेबलाच्या दोन टोकांना बसले. पाच ताटं मांडलेली होती.

"आईच्या वेळी," धाकटा ताटाकडे बघत म्हणाला, "मी चार दिवस दौऱ्यावर होतो. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणाले आणि तुम्ही तिला घरी घेऊन आलात. मला एक फोन करता आला असता."

थोरलीने आतून हे ऐकलं आणि हातातला डाव तसाच धरून ठेवला. अकरा वर्षांत हे वाक्य कोणाच्या तोंडून बाहेर आलं नव्हतं.

"आला असता," थोरला म्हणाला. "तू ऑपरेशन करा म्हणाला असतास. ती मला म्हणाली होती, आता मला घरी ने. तू हो म्हणणार नाहीस अशी मला भीती वाटली, म्हणून नाही विचारलं. तिची आज्ञा म्हणून नाही. भीती वाटली म्हणून."

"मी हो म्हणालो असतो."

"ते आता कळायला मार्ग नाही ना. विचारलंच नाही, तर कुठून कळणार?"

धाकट्याला यावर बरंच बोलायचं होतं. पण फोन वाजला. तो खुर्ची मागे सारून उठला, थोरलाही जवळ आला.

स्क्रीनवर मुंगी.

"बाबा? नऊ मिस्ड कॉल? काय झालंय? कोण आजारी आहे?"

"तू कुठे आहेस? गाडीत आहेस?"

"नाही, रस्त्याच्या कडेला उभी आहे. झाडाखाली. बाबा, चिडू नका, मी ड्यूटीवर नाहीये—"

"माहीत आहे. बाटल्या कुठे आहेत?"

"डिकीत. मघाशी पेट्रोलला थांबले तेव्हा एका झाकणातून फेस यायला लागला, सीट खराब होईल म्हणून उचलून मागे ठेवल्या. आणि आत्ता चढणीवर असला आवाज झाला, मला वाटलं टायर फुटला. उतरून बघते तर डिकीतून बिअर गळतेय. आत अजून फुटतायत, बाबा. एकामागून एक. मी डिकी उघडायला जाणार होते, तेवढ्यात फोन बघितला."

धाकटा उभा होता तो खाली बसला. पाठीमागे खुर्ची नव्हती, थोरल्याने ती पुढे सरकवली म्हणून निभावलं.

"उघडू नकोस," तो म्हणाला. "लांब राहा. तो मुलगा येतोय मोटरसायकलवर. तुझ्याकडेच निघालाय."

"तुम्ही त्यांना फोन केलात?" मग तिचा आवाज बदलला. "बाबा, एवढी साखर घातली कोणी? काकांनी?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. थोरल्याने मान खाली घातली होती. त्याने उत्तर आधीच मान्य करून टाकलं होतं.

"आम्ही दोघांनी," धाकटा म्हणाला.

*

चार वाजता ऊन कलल्यावर दोघे भाऊ पुन्हा जिन्याखालच्या खोलीत शिरले. आत्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फाच्या दोन लाद्या आणवल्या होत्या. दोनला, रजया पुढे धरून, दोघांनी तो बर्फ फोडून ओल्या गोणपाटाखाली बाटल्यांभोवती लावला होता. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. धाकट्याच्या हातात वीज कंपनीचे जाड रबरी हातमोजे, थोरल्याच्या हातात बाटल्या उघडायची चावी. एकाने बाटलीवर रजई घट्ट धरायची आणि दुसऱ्याने रजईखालून झाकण हळूहळू सैल करायचं. एकट्या माणसाला हे जमण्यासारखं नव्हतं. पासष्ट बाटल्या.

धाकटीने स्वयंपाकघरातून दोघांच्या पाठी बघितल्या. पातेलं तिने पुन्हा शेगडीवर चढवलं होतं. बर्फ लागून शांत झालेली पहिली बाटली आली की ती त्यात जाणार होती. गोड तर गोड. थोरली पाव भट्टीत सरकवत होती. मुंगीचा दुसरा फोन येऊन गेला होता: ती पोचली, त्या लोकांनी तिला आधी पाणी आणि मग खुर्ची दिली, डिकीत बारापैकी तीन शाबूत आहेत आणि तिचे भावी सासरे म्हणाले, त्या तीन आपण लग्नानंतर उघडू.

"जेवायला किती वाजतील गं?" आत्याने विचारलं.

"पासष्ट बाटल्यांनी किती वाजतात ते बघायचं," थोरली म्हणाली.

जिन्याखालून थोरल्याचा आवाज आला. हेल्मेटमुळे तो जरा घुमत होता.

"उघडू?"

"उघड," धाकटा म्हणाला.

एक लांब फुसकारा आला, फेस रजईत जिरला. मग दुसरी.

"उघडू?"

"उघड."

धाकटीच्या लक्षात आलं की ती नकळत मोजतेय. सातवी. अकरावी. दर वेळी तोच प्रश्न, तितकाच हळू. पंधराव्या बाटलीला धाकट्याचा आवाज आला.

"दादा, दर वेळी विचारायला पाहिजे असं नाही."

बर्फाचं पाणी उंबऱ्यावरून बाहेर येऊन फरशीवर पसरत होतं.

"विचारू दे," थोरला म्हणाला. आणि मग, "उघडू?"